म्यूट

दुपारी फ्रिज थडथडून थांबला, म्हणजे बिघडला नाही, थांबतो तसा थांबला, पण घर एकदम इतकं गप्प झालं की मी मोबाईल खाली ठेवून मागे वळून बघितलं. मागे काय असणार, वाळत घातलेले कपडे.

कुब्रिकच्या 'द शायनिंग'मध्ये (1980) हेच तर आहे! रिकाम्या हॉटेलात ते पोरगं तीनचाकी सायकल फिरवतं, लाकडी जमिनीवर खडखडखड, गालिचा आला की आवाज गायब, परत लाकूड, परत खडखड, आणि कॅमेरा खाली जमिनीलगत त्याच्या मागे मागे. आवाज थांबला की आपलाच श्वास अडकतो.

'कौन' (1999) आमच्याकडे केबलवर लागला तेव्हा आम्हा पोरांना आतल्या खोलीत पिटाळलं होतं, त्यामुळे मी तो आधी नुसता ऐकला. पाऊस, बेल, परत पाऊस, परत बेल, मनोज बाजपेयीची न संपणारी बडबड, आणि मध्येच आमच्या आत्याचं "अगं बये, दार उघडू नकोस!" ताई म्हणाली, थांब गं, आता गाणं लागेल, मग झोपू. गाणं काही लागेना. त्या पिक्चरमध्ये गाणंच नाहीये! हिंदी पिक्चरात गाणं आलं की जीव भांड्यात पडायचा, रामगोपाल वर्माने तेवढीही सोय ठेवली नव्हती. नंतर डोळ्यांनी बघितला, उर्मिला भारीच आहे, पण दाराआडून ऐकलेल्या पिक्चरची सर नाही.

तेव्हापासून भीती वाटली की मी डोळे मिटत नाही, म्यूट करते. 'सायको'चा (1960) बाथरूम सीन असा बघा, पडदा, पाणी, वर-खाली होणारी सुरी, आणि रक्त म्हणजे चॉकलेट सिरप, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये कोणाला कळतंय. हिचकॉकला तिथे संगीत नकोच होतं म्हणे, बर्नार्ड हरमनने तरीही व्हायोलिनं किंचाळवली आणि ती ऐकून साहेबांनी मत बदललं. सुरीच्या आवाजासाठी तर खरबुजं भोसकली होती.

हल्लीच्या सिरीजमध्ये मात्र पहिल्या मिनिटापासून खालून घूंऽऽऽ चालू, कोणी चहा गाळला तरी घूंऽऽऽ. अरे बाबांनो, जरा गप्प बसा की, आम्ही घाबरतो आमचे आमचे!

नवरा म्हणतो, म्यूटच करायचं तर बघतेस कशाला? आता काय सांगणार, खुनी कोण ते कळायला नको?