नांदुरीच्या अलीकडचा पाडा

धुळ्याहून सप्तशृंगी गडावर पायी, देवीच्या चैत्री यात्रेला. मालेगाव, देवळा, कळवण कधी आलं कधी गेलं, सगळं एकात एक मिसळलंय, जमेल तेवढं रात्री चालायचं आणि दिवसा कुठल्यातरी शाळेच्या व्हरांड्यात आडवं व्हायचं. चैत्रातलं ऊन, त्यात आमच्या मंडळाचा डीजे. गाणी देवीचीच, त्यामुळे बोलायची सोय नाही, पण डोकं पार उठलं होतं.

कळवण सोडल्यावर टाचेला मोठा फोड आला. मंडळाचे काका "पायथ्याला नांदुरीत थांबू, चला चला" करत पुढे गेले, मी एका पाड्यापाशी आंब्याखाली बसकण मारली. तिथल्या घरातून एक म्हातारी आली. "बस व माय, पाय दखाड." मग गोधडीची सुई चुलीत लाल करून आणली, पांढरा दोरा हळदीच्या तेलात बुडवला, फोडाच्या या बाजूने घालून त्या बाजूने काढला आणि दोन्हीकडे टोकं ठेवून कापला. पाणी आपोआप झिरपतं, कातडी मात्र ओढायची नाही म्हणाली. नागलीची भाकरी दिली, वर लसूण-मिरचीचा ठेचा. पाणी मी गटागटा प्यायले आणि तेवढ्यात तिची सून रिकामा हंडा घेऊन विहिरीकडे निघालेली दिसली, खाली उतारावर, भर दुपारी. पैसे काढले तर म्हातारी चिडली, "गडवर टाक." म्हटलं बरं.

गडावर चढायच्या रडतोंडीच्या वाटेला नाव देणारा माणूस नक्कीच चालत गेला असणार. वर पोचले तर रुळांवरच्या ट्रॉलीने आलेली मंडळी टवटवीत, इस्त्रीच्या कपड्यात, त्यांच्यामागे मी लंगडत. दर्शन किती, अर्धा मिनिट? समोर आई, अठरा हात, ते मोठे डोळे, आणि मला एकदम रडूच कोसळलं. कशाचं ते माहीत नाही. तेवढ्यात मागच्या बाईचं कोपर बरगडीत बसलं, मी रडता रडता तिच्यावर खेकसले.

चतुर्दशीच्या रात्री कोणी झोपलं नाही. दरेगावचे गवळी पाटील ध्वज घेऊन शिखरावर जातात, त्या सरळ कड्यावर, अंधारात, कसे ते तुम्हीच बघा जाऊन. आमच्यात त्यावर जोरात वाद, चमत्कार की पिढ्यांचा सराव. उजाडलं तर वर ध्वज फडकत होता. वाद तिथेच बंद. काका हात जोडून उभे, डोळ्यांतून धारा, हलायलाच तयार नाहीत, शेवटी मीच म्हटलं, "काका चला, एसटीला जागा मिळणार नाही."