तुम्ही विचारलंत म्हणून: खिडक्या बदलत का नाही?

भारतातून कुणी राहायला आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाचा कप दोन्ही हातांत घट्ट धरून, हा प्रश्न येतोच: "एवढी थंडी, मग या जुन्या खिडक्या काढून डबल ग्लेझिंग का नाही बसवत?" घर लिस्टेड आहे, म्हणजे सरकारच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे, परवानगी लागते, असं मी सांगतो. लगेच पुढचा प्रश्न: "स्वतःच्या घराला?" चहा संपतो, उत्तर अर्धंच राहतं. म्हणून आज सगळंच लिहितो.

आम्ही इंग्लंडमध्ये, विल्टशरमधल्या लेकॉकजवळच्या एका खेड्यात राहतो. खेड्याची पॅरिश कौन्सिल म्हणजे साधारण आपली ग्रामपंचायत, अधिकार मात्र त्याहून बरेच कमी. आमच्या पॅरिशमधल्या संरक्षित वास्तूंत चर्च आहे, ते ओघानंच आलं. पण त्याच यादीत धान्याचं एक कोठार आहे, चर्चच्या आवारातली काही थडगी आहेत आणि वास्तुरचनाकार गाइल्स गिल्बर्ट स्कॉटनं १९३५ साली आखलेल्या नमुन्याची लाल टेलिफोनची खोलीसुद्धा आहे. इंग्लंडभर अशा सुमारे चार लाख नोंदी आहेत आणि दहातल्या नऊ 'ग्रेड टू'च्या, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीच्या. आमचं घरही त्यातलंच. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडत होते तेव्हा कोणत्या पडझड झालेल्या इमारती वाचवायच्या याच्या याद्या झाल्या, आणि १९४७ च्या कायद्यानं त्यातून आजची पद्धत उभी राहिली.

बदलाच्या परवानगीच्या अर्जाला फी नसते. पॅरिश कौन्सिल आपलं मत कळवते, निर्णय काउंटीची कौन्सिल देते. न विचारता घराचं रूप बदललं तर तो फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे ऐकून पाहुणे माझ्याकडे दयेनं बघतात. पण मला याची अडचण वाटत नाही आणि ते मनापासून सांगतोय.

आमची उत्तरेकडची भिंत बघा. घर इथल्याच मऊ चुनखडीच्या दगडाचं. आमच्या आधी कुणीतरी त्या दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरलं होतं. भिंतीत शिरलेलं पाणी पूर्वी चुन्याच्या सांध्यातून सुकून जायचं. सिमेंटनं ती वाट बंद केली, मग ओल दगडातूनच बाहेर पडायला लागली. हिवाळ्यात ती गोठायची आणि दगडाचे पापुद्रे सुटायचे. आम्ही आलो तेव्हा सिमेंटच्या रेघा तशाच उभ्या होत्या आणि दगड मात्र बोटभर आत गेले होते. आत भिंतीला हात लावला तर गार, ओलसर. कॉन्झर्वेशन ऑफिसरला, म्हणजे कौन्सिलच्या जुन्या वास्तूंची देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला, विचारून आम्ही सिमेंट छिन्नीनं काढून घेतलं आणि चुना भरला. चुना घाईनं वाळला तर भुगा होतो, म्हणून गवंड्यानं भिंतीवर ओली गोणपाटं टांगली. ती ओली ठेवायचं काम माझ्याकडे होतं. गोणपाटाचा आणि ओल्या चुन्याचा तो वास आला आणि मी एकदम आजोळच्या वाड्यात जाऊन उभा राहिलो.

वाईकडच्या त्या वाड्याच्या भिंतीही चुन्यातल्याच. घाण्याला बैल जुंपून चुना मळला, त्यात गूळ घातला, असं आजी सांगायची. वाटण्या झाल्या, कुणालाच एकट्याला तो पेलेना. सागवानी खांब आणि तुळया जुन्या लाकडाच्या वखारीत गेल्या. मी तेव्हा इथे होतो, फोनवर कळलं. "थांबा, आधी विचारा" असं म्हणणारं तिथे कुणीच नव्हतं, हे मला अजून सलतं.

आता खिडक्या. वरखाली सरकणाऱ्या आहेत, चौकटीच्या पोकळीत दोरीला बांधलेली लोखंडी वजनं आहेत. सुतारानं कुजलेली खालची पट्टी तेवढी कापून नवं लाकूड सांधलं, दोऱ्या बदलल्या. आतून वेगळं तावदान बसवल्यावर थंडी खूप कमी झाली. काचा मात्र जुन्याच, किंचित लहरदार. डोकं जरा हलवलं की बाहेरचं सफरचंदाचं झाडही हलतं. ते मला कारखान्याच्या सपाट काचेत नको आहे.

वेळ असला की पाहुण्यांना मी लेकॉकला घेऊन जातो. १२३२ साली स्थापन झालेला तिथला मठ पुढे टॅलबट घराण्याचं राहतं घर झाला, आणि १९४४ मध्ये मटिल्डा टॅलबट यांनी तो गावासकट नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकला. तिथल्याच एका जाळीदार खिडकीचा फोटो हेन्री फॉक्स टॅलबटनं १८३५ साली काढला. जगातली सर्वांत जुनी टिकलेली निगेटिव्ह ती. टपालाच्या तिकिटाएवढी. भिंगातून पाहिलं तर सुमारे २०० काचा मोजता येत, असं त्यानं शेजारी लिहून ठेवलंय. ती खिडकी अजून जागच्या जागी आहे, तिच्यासमोर उभं राहता येतं.

मे महिन्यात, रात्रीची गोठवणारी थंडी थांबली की, मागची भिंत घ्यायची आहे. तेव्हा आलात तर गोणपाटं ओली ठेवायला दोन हात हवेच आहेत.