शकुंतलेचं स्टेशन

आमच्या आबांचं गाव दारव्ह्याकडचं, शकुंतलेच्या लाईनवर. शकुंतला म्हणजे वऱ्हाडातली नॅरोगेज गाडी. मूर्तिजापूरहून तिचे दोन फाटे, एक ७७ किलोमीटर अचलपूरला आणि दुसरा ११३ किलोमीटर यवतमाळला. धावायची असं आपलं म्हणायचं, बाकी सायकलवाला शेजारून घंटी वाजवत पुढे जायचा.

लहानपणी स्टेशन दिसलं की मी पळत सुटायचो, आबा मागून ओरडायचे, "कायले पयतं बे पोट्ट्या, गार्डानं तिकीट फाडल्याबिगर गाडी हलत नाई!" आणि ते खरंच होतं, कारण मधल्या स्टेशनांवर मास्तर नाही, सिग्नल नाही, तिकिटाची खिडकी असली तर कायमची बंद. गाडी थांबली की गार्डच खाली उतरणार, बॅग उघडून झाडाखाली तिकिटं विकणार, कोणाच्या पोरीचं लग्न ठरलं तेही विचारणार, आणि मग सावकाश हिरवी झेंडी. रस्ता आडवा आला तर गाडी आधी थांबणार, स्टाफमधलं कुणीतरी उतरून फाटक लावणार, गाडी पलीकडे गेली की उघडणार आणि धावत येऊन परत चढणार. हे मी पुण्यात सांगतो तर लोकांना फेकतोय असं वाटतं.

खरं तर ही लाईन आमच्यासाठी टाकलीच नव्हती. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने शंभरेक वर्षांपूर्वी टाकली ती वऱ्हाडातला कापूस मुंबईला आणि तिथून बोटीने मँचेस्टरला न्यायला. इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ सालचं, कापूस तिकडे आणि इंजिन इकडे असा हिशोब. ते बिचारं १९९४ पर्यंत कोळसा खात राहिलं, मग डिझेल आलं. तोवर गाडीत गाठींऐवजी बाजाराला निघालेल्या बाया, टोपल्या, कोंबड्या आणि उन्हाळ्यात मामाकडे निघालेली आमच्यासारखी कार्टी.

गाडी बंद पडल्यावर बऱ्याच वर्षांनी परवा गावी गेलो. रूळ गवतात, प्लॅटफॉर्म तर आधीही धड नव्हता, पिवळ्या बोर्डाच्या खांबाला बकरी बांधलेली, आणि मी वेड्यासारखा बाजूच्या म्हाताऱ्याला विचारतोय, बाबा स्टेशन हेच ना?

"होतं," म्हणे. "गार्ड उतरे तवा होतं."

आणि बकरी सोडून घरी निघाला.