टॅबलेट घरात हवाच, पण कॉम्प्युटरच्या जागी नको

दहावीचा निकाल लागला की आमच्या गोव्यातल्या डिचोलीत घरोघरी एकच चर्चा, पोराला काय घ्यायचं, टॅबलेट की लॅपटॉप. दुकानात गेलं की दुकानदार आधी टॅबच पुढे करतो, हलका आहे, चार्जिंग दिवसभर टिकतं, वर कीबोर्डवालं कव्हर मिळतं, सगळं होतं यावर. हे ‘सगळं होतं’ मला पटत नाही. आणि टॅब म्हणजे नुसता टाइमपास असं म्हणणारेही मला पटत नाहीत, कारण माझ्या घरात दोन्ही आहेत आणि दोन्ही रोज वापरात आहेत. माझ्या मते विचारायचं एवढंच, की त्या यंत्रावर कोणी काही बनवणार आहे का आलेलं वाचणार-बघणार आहे. बनवणार असेल तर कॉम्प्युटर, मग तो जुना का असेना.

आधी टॅबची बाजू सांगतो, कारण ती बाजू लोक नीट मांडतच नाहीत, नुसतं पोरं युट्यूब बघतात म्हणून मोकळे होतात. माझी आई आयुष्यात कधी कीबोर्डला बसली नाही. माउस धरून तो बाण नेमक्या जागी नेणं तिला कधी जमलं नाही आणि जमवायची गरजही नव्हती. टॅब हातात दिला आणि तिने पहिल्यांदा पेपर चिमटीने मोठा केला, मृत्यूच्या जाहिराती वाचल्या, मग अग्रलेख वाचला. चष्म्याचा नंबर वाढल्यापासून छापील पेपर तिच्यासाठी संपल्यातच जमा होता, तो परत सुरू झाला. नंतर मी तिला गूगलच्या कीबोर्डात मराठी हस्ताक्षराची सोय लावून दिली. म्हणजे बोटाने स्क्रीनवर अक्षरं गिरवायची आणि खाली ती टाइप होऊन येतात. ती जुन्या वळणाचं सुंदर मराठी लिहिते, ठसठशीत वेलांट्या काढून, आणि मशीनला ते कळतं. आता माझ्या बहिणीला दुबईला तिचा मेसेज जातो तो तिच्या स्वतःच्या शब्दांत, नातवाकडून लिहून घेतलेला नाही. बोलून टाइप करणंही आहे पण आमच्या बोलण्यात निम्मी कोकणी येते, कुळागर, माटोळी असले शब्द आले की ते बिचारं अडखळतं, लिहिलेलं मात्र बरोबर उचलतं. हे काम डेस्कटॉपवर होणार नाही, लॅपटॉपवरही नाही. इथे टॅबलेटला तोड नाही.

दुसरी जागा म्हणजे चवथ. आमच्याकडे घुमट आरत्या, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्यावर म्हटल्या जाणाऱ्या आरत्या, हे मोठं प्रकरण असतं, पदं मराठी, लांबलचक, आणि म्हणणारे म्हातारे एकेक करून कमी होत चालले. त्यांच्या वह्या आम्ही स्कॅन करून ठेवल्या आणि आता गणपतीसमोर टॅब स्टँडवर लावतो, पाच-सहाजण एकाच वेळी वाचू शकतात, मोबाईलवर हे व्हायचं नाही. दोन गोष्टी मात्र आधी करून ठेवायच्या. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन बंद व्हायची वेळ वाढवायची, नाहीतर साथीचं शामेळ वाद्य रंगात आलेलं असतं आणि नेमका तिसऱ्या कडव्याला काळोख. आणि पान उलटायला ज्याचा हात कोरडा आहे त्याला बसवायचं. हल्लीची स्क्रीन बोट लागल्यावर होणाऱ्या विजेच्या बारीकशा फरकावरून स्पर्श ओळखते, पाणी पण वीज नेतं, म्हणून ओल्या किंवा घामेजलेल्या बोटाने ती भलतीकडेच उडी मारते. गोव्यात मे ते ऑक्टोबर हा अनुभव सगळ्यांना आहे.

आता दुसरी बाजू, आणि यावर मी जास्त लिहिणार आहे कारण माझं खरं म्हणणं इथे आहे.

आमच्या वाचनालयाची स्मरणिका दरवर्षी निघते. ती जुळवायचं काम माझ्याकडे असतं. लेख येतात ते नाना तऱ्हेने, कोणी व्हॉट्सॲपवर टाइप करून, कोणी वहीतल्या पानांचे फोटो, आणि जुने लोक अजून प्रेसमधून श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेली फाइल पाठवतात. ही श्रीलिपीची फाइल टॅबवर उघडून बघा, एक अक्षर मराठी दिसणार नाही, सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं सांडल्यासारखी. कारण युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, येण्याआधीच्या या फॉन्टांत मराठी अक्षराचं चित्र इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं, तोच फॉन्ट मशीनवर नसेल तर मूळची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. कॉम्प्युटरवर फॉन्ट टाकला की झालं. टॅबवर सहजासहजी टाकता येत नाही. मग कन्व्हर्टरमधून युनिकोड करायचं, तर तिथे रफार आणि पहिली वेलांटी घोळ घालतात. जुन्या पद्धतीत जसं दिसतं तसं टाइप करायचे, म्हणजे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर, युनिकोडात बरोबर उलटा क्रम. त्यामुळे कन्व्हर्टर साधा असेल तर ‘सर्व’ चा रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो. चाळीस पानांत असे शेकडो शब्द. एक विंडो मूळ फाइलची, एक नवीन, एक शोधा-आणि-बदला ची, बाजूला छापील प्रत, असं बसलो तर एका संध्याकाळी होतं. टॅबवर मी हे करून बघितलंय. बोटाने दोन अक्षरांच्या मधे कर्सर ठेवणं, जोडाक्षराच्या पोटातला हलन्त काढणं, परत ॲप बदलणं, परत जागा शोधणं, डोकं भणभणतं आणि काम पुढे सरकत नाही.

आणि टायपिंग. मोबाईल-टॅबवर वाढलेल्या मुलांना वाटतं मराठी टाइप करायची म्हणजे रोमनमध्ये लिहायचं आणि सुचवलेला शब्द निवडायचा. चार ओळींच्या मेसेजला ठीक आहे. पण चार पानं लिहायची असतील तर इनस्क्रिप्ट हा कीबोर्डचा लेआउट शिका असं मी भेटेल त्याला सांगतो. डाव्या हाताला सगळे स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, क च्या बटणावर शिफ्ट दाबला की ख, हलन्त डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. कोणीतरी देवनागरीची रचना समजून घेऊन बनवलेला कीबोर्ड आहे तो, सरकारने 1986 पासून ठरवून दिलेला, विंडोजमध्ये, लिनक्समध्ये, सगळीकडे फुकट. पंधरावीस दिवस त्रास होतो, मग बोटं आपोआप चालतात. हे काचेवर शिकता येत नाही कारण काचेवर बोटाला बटण कुठे आहे ते लागत नाही, नजर सतत खाली राहते. विचार करत लिहिणाऱ्या माणसाला नजर वाक्यावर पाहिजे.

स्टीव्ह जॉब्जने 2010 मध्ये, आयपॅड बाजारात आला त्याच वर्षी, एका मुलाखतीत म्हटलं होतं की पुढे पीसी ट्रकसारखे होतील, म्हणजे असतील, पण थोड्याच लोकांना लागतील, बाकीचे आपले कारने फिरतील. अमेरिकेतल्या शहरात बसून हे बरोबर वाटत असेल. आमच्या खाणपट्ट्यात मात्र ट्रकचा अर्थ वेगळा आहे. डिचोली, सत्तरी, सांगे इथे कितीतरी घरांचा ट्रक हाच संसार होता, 2012 मध्ये खाणी बंद झाल्या आणि परत 2018 मध्ये झाल्या तेव्हा दारात उभे राहिलेले ट्रक बघितलेत आम्ही, आणि त्या घरांचं काय झालं तेही. कार असली तर माणूस फिरतो, ट्रक असला तर घर चालतं. ज्या मुलाला आपल्या पायावर उभं राहायचंय त्याला ट्रकच लागणार, आणि अशी मुलं आमच्याकडे थोडी नाहीत, बहुतेक सगळी तशीच आहेत.

यंत्राच्या ताकदीचा यात काही संबंध नाही बरं का. 2021 च्या आयपॅड प्रो मध्ये ॲपलने एम1 चिप घातली, त्यांच्या मॅकबुक एअर मध्ये होती तीच. म्हणजे आतून सारखेच, तरी एकावर प्रोग्राम लिहून, जोडून, आपल्याला हवा तसा चालवता येतो आणि दुसऱ्यावर कंपनीच्या दुकानातून येईल तेवढंच. फरक परवानगीचा आहे. हळूहळू सुधारतंय ते मान्य, 2019 ला आयपॅडला पेनड्राइव्ह नीट चालायला लागला, 2020 ला माउस आला, 2025 च्या आवृत्तीत तर कॉम्प्युटरसारख्या विंडो आणि वर मेन्यूची पट्टी आली, सॅमसंगच्या महागड्या टॅबमध्ये कॉम्प्युटरसारखं वापरायची डेक्स ही सोय आहेच. पण बघा, टॅबमध्ये होणारी प्रत्येक मोठी सुधारणा त्याला कॉम्प्युटरच्या जवळ नेणारी आहे. शिवाय कीबोर्ड, पेन सगळं घेऊन बेरीज केली की लॅपटॉपच्या वर किंमत जाते.

आणि गंमत म्हणजे टॅबची मूळ कल्पना मुलांसाठीच होती, आणि ती बनवणाऱ्या मुलांसाठी होती. ॲलन के या संशोधकाने 1972 मध्ये डायनाबुक नावाची कल्पना लिहून काढली, वहीएवढं यंत्र, सपाट स्क्रीन, खाली कीबोर्ड, आणि मुलं त्यावर स्वतः प्रोग्राम लिहून शिकतील असा सगळा विचार. आकार आला, पातळपणा आला, ते प्रोग्राम लिहिणं मागेच राहिलं. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

आपल्या गोव्यात सायबरएज योजना आली होती ती आठवते ना, अकरावी-बारावीच्या मुलांना सरकारने घरी कॉम्प्युटर दिले होते. आमच्या वाड्यावर ज्या ज्या घरात तो आला तिथे पहिल्या महिन्यात गेम, दुसऱ्या महिन्यात कोणीतरी कॅबिनेट उघडून बघितलेलं, मग विंडोज उडवून परत टाकलेलं. घरच्यांच्या शिव्या खाऊन पोरं शिकली. त्यातलाच एक आज साखळी गावात दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब करून देतो, एक म्हापशाला सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगची कामं घेतो. त्या डब्याचा स्क्रू काढता येत होता, रॅम बदलता येत होती, चुकता येत होतं. टॅबची बॅटरी गोंदाने चिकटवलेली, मेमरी बोर्डावरच डाखलेली. बिघडला की दुकानात, आणि तिथेही बहुतेक वेळा नवीन घ्या असंच सांगतात.

2020 चं पण सांगायला हवं. शाळा बंद झाल्या तेव्हा सत्तरी-सांग्याकडची मुलं रेंज मिळवायला डोंगरावर जाऊन बसायची, पावसात प्लास्टिक अंगावर घेऊन. तिथे डेस्कटॉप कोण नेणार, तिथे मोबाईल आणि टॅबनेच वर्षं वाचवली. शिकवलेलं ऐकायला टॅब पुरला. पण उत्तरं सगळी वहीत लिहून फोटो काढून पाठवत होती मुलं, म्हणजे लिहायचं काम तेव्हाही त्या यंत्राने घेतलंच नाही.

विजेचा मुद्दा टॅबच्या बाजूने जातो. आमच्याकडे जूनमध्ये पहिला जोराचा वारा आला की लाईट गेली म्हणून समजा, आणि ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी घाटाकडून गडगडायला लागलं की सगळे प्लग काढून ठेवावे लागतात. डेस्कटॉपचा साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं काढतो, तेवढ्यात फाइल सेव्ह करून बंद करायचं. बॅटरीवर चालणाऱ्या टॅबला काही फरक पडत नाही, लॅपटॉपलाही नाही. म्हणूनच मी घरात लॅपटॉप सुचवतो, डेस्कटॉप नाही. दमटपणा मात्र दोघांनाही खातो, किनाऱ्याकडे तर खारी हवा, पोर्टला गंज धरतो. रोज वापरातलं यंत्र आतून गरम होऊन कोरडं राहतं, कपाटात ठेवलेलं आधी मरतं.

तर कोणी माझा सल्ला विचारला तर, 15-20 हजारांत चांगला रिफर्बिश्ड लॅपटॉप मिळतो, कंपन्यांनी वापरून काढलेला, निदान 8 जीबी रॅम आणि एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण, असलेला बघून घ्या, घेताना प्रत्येक बटण दाबून बघा आणि बॅटरी किती उरलीय ते विचारा. जुन्या मशीनवर विंडोज 11 चढत नसेल तर घाबरू नका, विंडोज 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 ला संपला असला तरी विंडोजच्या जागी टाकता येणारं लिनक्स मिंट फुकट आहे आणि त्यात इनस्क्रिप्ट मराठीसकट येतं. टॅब आधीच घेऊन झालाय आणि दुसऱ्या खर्चाला पैसे नाहीत, असं असेल तर चार-पाचशे रुपयांचा यूएसबी कीबोर्ड आणि तो टॅबला जोडणारी एक ओटीजी केबल आणा, सेटिंगमध्ये जाऊन त्या कीबोर्डला मराठीचा लेआउट मिळतो का बघा, आणि पोराला सांगा की आठवड्याला एक पान टाइप करून दाखव, विषय काहीही चालेल, फुटबॉलची मॅच असेल, गावच्या जत्रेतलं नाटक असेल.