अठरा महिन्यांचा पेबॅक आणि बॉयलरचे लॉगबुक

लोटे औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या रसायन कारखान्याने मिथेनॉल पुनर्प्राप्तीच्या डिस्टिलेशन कॉलमचा (मिश्रण उकळून त्यातले घटक वेगळे करणाऱ्या मनोऱ्याचा) प्रस्ताव माझ्याकडे तपासणीसाठी पाठवला होता. भांडवली खर्च २ कोटी ४० लाख, वार्षिक निव्वळ बचत १ कोटी ६० लाख, म्हणजे पेबॅक, गुंतवलेले पैसे वसूल होण्याचा काळ, अठरा महिन्यांचा. तोपर्यंत साठ टक्के मिथेनॉल असलेले मदर लिकर, म्हणजे उत्पादन काढून घेतल्यावर उरलेले द्रावण, बाहेर पडेल भावाने विकले जात होते आणि तेच मिथेनॉल पुन्हा बाजारभावाने विकत घेतले जात होते, त्यामुळे मूळ कल्पनेत खोट नव्हती. तरीही एवढा देखणा आकडा दिसला की मी आधी कामाचे तास पाहतो. येथे वर्षाला ८००० तास धरले होते.

बॅच रजिस्टर चाळल्यावर कळले की मिथेनॉल लागणारी उत्पादने दोनच, आणि तिसऱ्या उत्पादनाच्या बॅचेस सुरू असताना कॉलमला खाद्यच मिळणार नाही. खरे तास जेमतेम ५००० भरले. बचत १ कोटीवर आली आणि पेबॅक एकोणतीस महिन्यांवर गेला. कंपनीची मर्यादा तीन वर्षांची असल्याने प्रस्ताव अजून तगून होता.

दुपारी बॉयलर हाउसमध्ये गेलो. ताशी तीन टन वाफ देणारा बॉयलर, भिंतीला टेकवलेले तेलकट लॉगबुक, आणि दिवसपाळीच्या जवळजवळ प्रत्येक ओळीत २.८ किंवा २.९ टन. कॉलमला ताशी ३५० किलो वाफ लागणार होती. अटेंडंट म्हणाला, “साहेब, दोन रिॲक्टर एकदम गरम करायला घेतले की प्रेशर सहावर येतं, मग वरून फोनावर फोन.” कोटेशन देणाऱ्याने आपल्या बॅटरी लिमिटच्या, म्हणजे पुरवठ्याच्या हद्दीच्या, कडेला वाफ ‘उपलब्ध’ असे लिहून हात झटकले होते. क्षमता दुप्पट केली तर कॉलमची किंमत साधारण दीडपटच होते, हा सहा-दशांश घातांकाचा नियम प्रस्तावात व्यवस्थित वापरला होता. पण कमी पडणाऱ्या साडेतीनशे किलोंपुरता बॉयलर कोणी विकत नाही. एक टनाचा नवा बॉयलर, शेड, चिमणी आणि पाइपिंग मिळून ७० लाख, शिवाय वर्षाला १० लाखांचा मनुष्यबळ व देखभाल खर्च. पेबॅक एकेचाळीस महिने. प्रस्ताव मर्यादेबाहेर गेला.

परत निघताना रिॲक्टर शेडमागच्या गटारातून वाफा येताना दिसल्या. ते कंडेन्सेट, म्हणजे वापरलेल्या वाफेचे झालेले पाणी होते, हात लावता येऊ नये इतके गरम, आणि इकडे बॉयलरच्या टाकीत तीस अंशांचे पाणी जात होते. खाद्यपाण्याचे तापमान सहा अंशांनी वाढले की इंधन सुमारे एक टक्का वाचते आणि तेवढ्याच आगीत वाफही तितकी जास्त निघते. हे कंडेन्सेट टाकीत परत आणून पाणी बहात्तर अंशांवर नेले तर सात टक्के, म्हणजे ताशी सुमारे दोनशे किलो. उरलेली तूट बिघडलेल्या स्टीम ट्रॅपमधून (वाफ अडवून फक्त कंडेन्सेट बाहेर सोडणाऱ्या झडपांमधून) फुकट जाणाऱ्या वाफेतून भरून निघण्यासारखी होती. खर्च अंदाजे १८ लाख.

हा खर्च मी कॉलमच्या खाती मांडला, पण इंधनाची बचत त्या खाती जमा केली नाही, कारण ते काम कॉलम उभा राहिला नाही तरी करायलाच हवे होते. पेबॅक एकतीस महिने आला.

अहवाल वाचून मालकांनी विचारले, “म्हणजे कॉलम घ्यायचा की नाही?” मी म्हटले, “घ्या, पण ऑर्डर कंडेन्सेटची लाइन चालू झाल्यावर द्या. आठवडाभर लॉगबुकात कॉलमपुरती वाफ शिल्लक दिसू दे.”

लाइन पावसाळ्याआधी पूर्ण झाली. लॉगबुकाच्या पानांचे फोटो मला त्या अटेंडंटनेच पाठवले.