ट्रेकचे बूट आणि सॅक: दोन दुकानं, एक दुपार

कामाचा वार आणि दुपारी चारनंतरची वेळ मुद्दाम धरली. सुट्टीच्या दिवशी दुकानात जाणकार माणूस असला तरी त्याला एका गिऱ्हाइकापाशी अर्धा तास थांबता येत नाही. शिवाय दिवसभराने पाय थोडे फुगलेले असतात, डोंगरातही फुगतातच. सकाळी चपखल बसलेला बूट तिथे चावतो. सोबत ट्रेकला घालायचेच मोजे नेले होते.

पहिल्या दुकानात ‘नंबर किती?’ एवढंच विचारून खोका समोर आला. बोटं पुढे टेकत होती, तर म्हणे, ‘वापरून सैल होईल.’ हे ऐकलं की उठावं. चामडं रुंदीला थोडं सैलावतं, लांबीला नाही. पुढे टेकणारा बूट उतारावर अंगठ्याचं नख काळंनिळं करतो.

दुसरीकडे आधी प्रश्न आले: किती दिवस चालणार, पाठीवर किती किलो, वाट खडकाळ की मातीची, घोटा पूर्वी मुरगळलाय का? मग दोन्ही पाय मोजले, तेही उभं करून, कारण बसल्यावर पायावर भार नसतो आणि माप आखूड भरतं. दोन पायांत बहुधा फरक निघतो. बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा. टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतरही पाहिलं. बूट जिथे वाकतो ती जागा चवड्याखाली यायला हवी, नाहीतर नंबर बरोबर असूनही चालणं जड जातं.

नाडी न बांधता पाय पुढे सरकवला, तेव्हा टाचेमागे एक बोट गेलं. मग नाडी आवळून उतरत्या फळीवर. तिथे जोरात पावलं टाकताना बोटं पुढे लागली तर मोठा नंबर मागा. चढताना टाच उचलली गेली तर बूट लगेच परत करू नका. घोट्याच्या घडीजवळ नाडीला एकाऐवजी दोन वेढे देऊन आवळून बघा. तरीही उचलली जात असेल तर तो साचा तुमच्या पायाचा नाही.

विक्रेत्याची परीक्षा घ्यायला एक प्रश्न पुरतो: ‘ओढ्यात वरून पाणी शिरलं तर हा वॉटरप्रूफ बूट लवकर वाळेल का?’ जाणकार ‘नाही’ म्हणतो, कारण अस्तरातला पडदा पाणी आतही अडकवतो. रोजच ओढे ओलांडायचे असतील तर तो स्वतःच जाळीचे बूट काढून देतो, स्वस्त असले तरी. सवलतीतला जोड असेल तर तो कधी बनलाय तेही विचारा. तळातला पॉलियुरेथेनचा (फोमसारख्या प्लॅस्टिकचा) मधला थर दमट हवेने कुजतो, अगदी खोक्यात पडूनसुद्धा, आणि मग तळ ऐन वाटेत सुटून येतो.

सॅक रिकामी चढवून आरसा दाखवणारे पुष्कळ. इथे मान झुकवल्यावर वर येणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत पाठ मोजली, सॅकमध्ये आठ-दहा किलो वजन भरलं आणि आधी कमरपट्टा हाडांवर बसवला, खांद्याचे पट्टे नंतर. बराचसा भार खांद्यांवरच जाणवत राहिला तर बहुधा सॅकच्या पाठीची लांबी चुकली आहे.

पैसे देण्यापूर्वी बदलून मिळण्याची अट विचारा. घरी दोन-तीन दिवस स्वच्छ फरशीवरच वापरा, टॅग काढू नका. तळाला माती लागली की दुकानदार जोड परत घ्यायला कुरकुरतो.