पासाचे तीन दिवस आणि पट्ट्यावरच्या सात फेऱ्या

लंडनला जायच्या आधी दोन महिने मी रोज रात्री जेवणं उरकली की लॅपटॉप घेऊन बसायचे आणि एक एक्सेल शीट भरायचे. एका रकान्यात ठिकाण, शेजारी त्याचं सुटं तिकीट, मग तिथे किती वेळ लागेल आणि तिथून पुढच्या ठिकाणाला कसं जायचं. तीन दिवसांचा साइटसीइंग पास घेतला होता, त्यात बरीचशी मोठी ठिकाणं, एका दिवसाची हॉप ऑन हॉप ऑफ, म्हणजे हव्या त्या स्टॉपवर चढा-उतरायची टुरिस्ट बस आणि थेम्समधली बोट असं सगळं येत होतं. पैसे भरल्या क्षणापासून माझ्या डोक्यात एकच शब्द बसला, वसूल. सोबत फक्त आई, वय ६८, डावा गुडघा दुखरा, म्हणून मॉन्युमेंट नावाच्या उंच स्मारकस्तंभाच्या ३११ पायऱ्या मी यादीतून आधीच कापल्या होत्या आणि त्या बदल्यात दुसरं काय घुसवता येईल ते बघत होते.

पहिला दिवस कसा गेला ते धड आठवतही नाही. वेस्टमिन्स्टर ॲबे, न्यूटनची कबर, सेंट पॉल्स, बाहेर पाऊस, पायात गोळे. एवढं मात्र पक्कं लक्षात आहे की आम्ही पहिलं स्कॅन दुपारी एक वाजता केलं आणि तेव्हा कळलं की पासाचा दिवस म्हणजे २४ तास नाही, कॅलेंडरची तारीख. म्हणजे सकाळ गेली ती गेलीच. हे बारीक अक्षरात कुठेतरी लिहिलेलं असणार, पण विकताना 'तीन दिवस' एवढंच मोठ्या अक्षरात दिसतं आणि मला याचा खरंच राग आला. त्या रागातच मी दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक आणखी आवळलं. आईला रात्रीच सांगून ठेवलं, उद्या नऊला टॉवरच्या दारात, अकराला बाहेर, मग टॉवर ब्रिज, मग बस. ती म्हणाली बरं.

टॉवर ऑफ लंडन म्हणजे एक इमारत नाही, नदीकाठचा अख्खा किल्ला आहे. मधला व्हाइट टॉवर अकराव्या शतकातला, विल्यम द कॉन्कररने बांधायला घेतलेला. लाल-निळ्या पोशाखातले बीफईटर म्हणजे निवृत्त सैनिक, किमान २२ वर्षं नोकरी झालेले, आणि ते मोफत गाइडेड टूर देतात ती अजिबात चुकवू नका, पासबिस सोडा, ते तिकिटातच येतं. आम्ही ती अर्धी सोडली, कारण गर्दी व्हायच्या आत ज्युवेल हाऊस गाठायचं असं माझ्या शीटमध्ये होतं.

ज्युवेल हाऊसमध्ये राजमुकुटांच्या काचेच्या कपाटाला लागून सरकता पट्टा आहे, विमानतळावर असतो तसा. पट्ट्यावर उभं राहायचं, तो तुम्हाला हळूहळू मुकुटांसमोरून पुढे नेतो, फोटो काढायला बंदी. गर्दी एका जागी तुंबू नये म्हणून केलेली सोय आहे आणि चांगली आहे. एक मुकुट, दुसरा मुकुट, राजदंडातला तो ५३० कॅरेटचा कलिनन हिरा, माणूस आ वासून बघत असतो तेवढ्यात पट्टा संपतो. कोहिनूर आहे तो १९३७ साली सहाव्या जॉर्जच्या राणीसाठी केलेल्या मुकुटात, पुढच्या बाजूला. आपल्याला लहानपणापासून ऐकून ऐकून तो मुठीएवढा वाटत असतो. तसा तो नाहीये.

पट्टा संपला, मी पुढे निघाले, वळून बघते तर आई नाही. ती फिरून परत सुरुवातीला जाऊन पट्ट्यावर उभी राहिली होती. म्हटलं ठीक आहे, एकदा मन भरत नाही. दुसरी फेरी झाली, ती तिसरीला गेली. मी घड्याळ बघितलं. तिथे उभ्या असलेल्या वॉर्डन बाईंना आईने हाताने गोल करून विचारलं, परत जाऊ का, आणि त्या हसून म्हणाल्या कितीही वेळा जा. मला तेव्हा त्या बाईंचाही राग आला होता, आता लिहिताना लाज वाटते.

तिसऱ्या फेरीनंतर आई माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "हा पहिल्यापासनं एवढाच होता का गं?"

मी फोन काढला आणि भराभर वाचून दाखवलं, कारण मला निघायचं होतं. १८४९ साली पंजाब खालसा झाला तेव्हा तिथल्या दहा वर्षांच्या महाराजा दुलीपसिंगाकडून हा हिरा इंग्रजांनी घेतला, १८५१ मध्ये हाइड पार्कमधल्या मोठ्या प्रदर्शनात मांडला, पण लोक म्हणाले हा चमकतच नाही, म्हणून १८५२ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्याच्या, प्रिन्स अल्बर्टच्या देखरेखीखाली त्याला नव्याने पैलू पाडले. जुन्या मापाने १८६ कॅरेटचा होता, आजच्या मापाने १९१ होतात, आणि उरला १०५.६.

"म्हणजे घट किती?"

मी म्हटलं, "आई, निघायचंय."

ती काही न बोलता चौथ्यांदा पट्ट्यावर गेली.

आणि ती परत आली तेव्हा मी तिच्यावर ओरडले. दाबलेल्या आवाजात, पण ओरडलेच. तुला कळत नाही का, किती पैसे घातलेत, एकेका तासाचा हिशोब आहे, एका दगडासाठी अख्खी सकाळ घालवलीस, असं सगळं. शेजारून एक जपानी कुटुंब जात होतं त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. आई फक्त म्हणाली चल. तिच्या गुडघ्याचा विचार न करता मी पुढे चालत सुटले आणि ती मागून येत राहिली. कावळ्यांपाशी थांबलो नाही. तिथे कायम किमान सहा डोमकावळे पाळलेले असतात, ते उडून गेले तर राज्य बुडेल अशी समजूत आहे, आणि ते आईला बघायचे होते हे मला माहीत होतं.

टॉवर ब्रिज वेळेत झाला. वरती काचेची जमीन आहे, खाली ४२ मीटरवर नदी, सगळे त्यावर झोपून फोटो काढत होते. आम्ही दोघी त्या काचेच्या कडेने, एकमेकींशी न बोलता चालत गेलो.

मग बस. खरं सांगायचं तर टुरिस्ट बस ही आई थकली की बसायला म्हणून मी धरली होती. स्टॉपवर पंचवीस मिनिटं उभ्या राहिलो, बारीक पाऊस, ॲपवर बस 'येतेय, येतेय'. एक आली ती वर गच्च भरलेली आणि खालच्या काचांवर एवढी जाहिरात चिकटवलेली की बाहेरचं काही दिसणारच नाही, म्हणून मी सोडली. दुसरी आलीच नाही. कुणाला विचारायचं तर तिथे माणूस नाही. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी या बसच्या भरवशावर दिवस आखू नये, एवढं मी छातीठोकपणे सांगते.

शेवटी समोर लंडनची साधी लाल बस येऊन थांबली, १५ नंबर, ट्रॅफल्गर स्क्वेअरला जाणारी. पासमध्ये नसलेली, तेव्हा पावणेदोन पौंडाची. चढताना आईने पर्समधून नाणी काढून ड्रायव्हरपुढे धरली, कारण सकाळपासून मी प्रत्येक ठिकाणी फोन दाखवून तिला आत ढकलत होते आणि तिला बहुतेक एकदा तरी स्वतः तिकीट काढायचं होतं. त्या बसमध्ये रोख चालत नाही, प्रत्येकाला स्वतःचं कार्ड टॅप करावं लागतं. ड्रायव्हरने मान हलवली, मी माझं दुसरं कार्ड तिच्या हातात दिलं, तिने ते यंत्राला लावलं, टुंग वाजलं, आणि ती माझ्याकडे न बघता जिना चढून वर गेली. दुखऱ्या गुडघ्याने. वर अगदी पुढची, मोठ्या काचेमागची सीट रिकामी होती.

बस मॉन्युमेंटवरून सेंट पॉल्सच्या दिशेने निघाली. कानात कॉमेंट्री नाही, काही नाही. दोन स्टॉप गेल्यावर आई आपणहून बोलायला लागली.

माझे आजोबा, आईचे दादा, गलाईचं काम करायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर भागातली गलाईवाली मंडळी देशभर पसरलीयत, जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देणं हा त्यांचा धंदा. दादा कोईमतूरला होते. मला हे एका ओळीत माहीत होतं, शाळेच्या फॉर्मवर 'आजोबांचा व्यवसाय' लिहायला सांगितलं असतं तर लिहिलं असतं तेवढं. आई सांगत होती की दुकानात संध्याकाळी ती चटईवर बसून बघायची, मुशीत सोनं लाल व्हायचं, मग पांढरट, आणि दादा त्या वेळी कुणाशी बोलायचे नाहीत. गिऱ्हाइकासमोर आधी वजन, नंतर वजन, आणि मधला फरक म्हणजे घट. मळ जळतो, डाग जातो, थोडी घट येणारच. पण हिशोबापेक्षा एक गुंज जरी जास्त आली तरी दादा दुकान बंद करून फरशी झाडायचे, राख चाळायचे, अंगावरचा सदरासुद्धा झटकून बघायचे. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे तिला पाढ्यांच्या आधी येत होतं. एकदा कुणाचं तरी मंगळसूत्र होतं, त्यात दोन गुंजा कमी भरल्या, राख दोनदा चाळूनही सापडल्या नाहीत, तर दादांनी घरातलं सोनं घालून वजन पुरं केलं आणि दोन दिवस जेवले नाहीत. पैशासाठी नाही, म्हणाली. दुसऱ्याची वस्तू आपल्या हातात कमी झाली म्हणून.

फ्लीट स्ट्रीट आला. पुढे ट्रॅफिक होतं, बस उभीच. आईने बोटांवर हिशोब केला. पाच कॅरेटचा ग्रॅम, ८५ कॅरेट गेले, म्हणजे सतरा ग्रॅम. "सतरा ग्रॅम गं. आणि हिऱ्याचं तर वितळवून परत जोडताही येत नाही. दुसऱ्याचा हिरा, चमकत नाही म्हणून घासला, आणि एवढी घट काढून ठेवली. मी बघत होते की तेवढं केल्यावर तरी चमकतोय का."

"चमकतोय?"

"त्या पट्ट्यावरनं नीट बघता येत नाही. नजर ठरतीय तोवर पुढं जातोय आपण."

मी तिचा हात धरला. बोलायला काही सुचलं नाही. ट्रॅफल्गर स्क्वेअरला उतरलो नाही तसं उतरलो आणि सरळ हॉटेलवर गेलो, संध्याकाळच्या यादीतली दोन ठिकाणं राहिली. रात्री तिच्या गुडघ्याला तेल लावून दिलं तेव्हा माफी मागितली, ती म्हणाली पैसे घातल्यावर माणूस हिशोब करणारच, दादा पण करायचे.

तिसऱ्या दिवशी शीटमध्ये सकाळी बोटीने ग्रीनविच होतं. मी आईला म्हटलं, आधी परत टॉवरला जाऊ. पास दाखवला तर मशीन लाल झालं, एका ठिकाणी एकदाच जाता येतं. म्हणून खिडकीवर दोघींची नवीन तिकिटं काढली, आईचं ज्येष्ठांच्या सवलतीचं, आणि तरीही ते सगळ्या ट्रिपमधलं सगळ्यात महागडं तिकीट ठरलं कारण त्याच्या बाजूला एक वापरलेला पास होता. पैसे देताना हात थरथरला नाही. आधी कावळ्यांपाशी गेलो. एक भलामोठा कावळा कठड्यावर येऊन बसला, चोच अशी की आपल्या कावळ्याचं डोकं त्यात मावेल, आई बराच वेळ त्याच्याशी मराठीत बोलत होती.

पावणेदहाला ज्युवेल हाऊसमध्ये गर्दी जवळजवळ नव्हती. यावेळी मीही तिच्याबरोबर पट्ट्यावर उभी राहिले. पहिल्या फेरीत ती मुकुटाच्या डावीकडून बघत आली, दुसऱ्या फेरीत काचेच्या पलीकडच्या पट्ट्यावरून. मग तिने मला शिकवलं की दगडाकडे एकटक बघायचं नाही, आपण सरकतोय तेव्हा दगडातला उजेड कसा हलतो ते बघायचं, आणि आपली मान स्थिर ठेवायची. मी तसं केलं. खरंच, एका विशिष्ट जागी आल्यावर आतून पांढरा, मग किंचित निळसर उजेड सरकन निघून जातो, अर्धा सेकंदही नाही. तेवढ्यासाठी आम्ही परत परत फिरत राहिलो. कालच्याच वॉर्डन बाई होत्या, त्यांनी आईला ओळखलं आणि मानेनेच या म्हणाल्या. सातव्या फेरीनंतर आई पट्ट्यावरून उतरली, पदराने चष्मा पुसला.

"चमकतोय," म्हणाली. "पण दादांनी केलं नसतं."

मग बाहेर उन्हात आल्यावर तिने माझ्या हातातला फोन घेतला, त्यावरचा पास उघडून बघितला आणि विचारलं, तुझी ती ग्रीनविचची बोट किती वाजता आहे, धावलो तर मिळेल का?